रडणाऱ्या संतिणी कुणी घडवल्या?

बाई रडली तर खरी, नाही रडली तर खोटी. कुठल्याही कायद्यात हे वाक्य लिहिलेलं नाही. तरी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ही परीक्षा द्यावी लागते. पोलीस ठाण्यात, समुपदेशन केंद्रात, गावच्या समितीपुढे, सोयऱ्यांच्या बैठकीत. पदर डोळ्याला लावून, मान खाली घालून बसलेल्या बाईला पाण्याचा पेला मिळतो, बसायला खुर्ची मिळते, "बिचारी" म्हणत दोन माणसं तिच्या बाजूने बोलतात. आणि जी बाई तारखा सांगते, किती तोळे मोडले, उचल किती घेतली, त्यातली किती मुकादमाने कापली, नवऱ्याने कुठल्या महिन्यात घराबाहेर काढलं हे बोटांवर मोजून दाखवते, ती उठून गेल्यावर पहिला शेरा येतो, "हिला कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसतं." बीड जिल्ह्यात परित्यक्तांबरोबर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. हा शेरा तिने ऐकलेला असतो.

ही मोजपट्टी आली कुठून? "आपली संस्कृतीच तशी" असं उत्तर मिळतं आणि तिथेच विषय संपतो. पण चांगली बाई कशी असते हे आपण पुस्तकातून कमी आणि चित्रांतून जास्त शिकतो. भिंतीवरचं कॅलेंडर, देवघरातली तसबीर, सरकारी योजनेचं पोस्टर, सिनेमाची जाहिरात. ही चित्रं आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी ती मागवतं, कुणीतरी पैसे देतं, "असं नको, तसं काढ" असं कुणीतरी सांगतं. बहुतेक वेळा हा सांगणारा सापडत नाही, कारण त्याच्या हुकमाची नोंद राहत नाही.

इतिहासात एक उदाहरण मात्र असं आहे, की तिथे हुकूम सापडतो, हुकमाची तारीख सापडते, हुकूम देणारेही सापडतात. सोळाव्या शतकात रोमच्या कॅथलिक चर्चने स्वतःच्या सुधारणेची मोहीम काढली आणि त्यात संतांची चित्रं कशी असावीत हेही ठरवलं. त्या हुकमाची लाट आपल्या शेजारच्या गोव्यापर्यंत आली. म्हणून हे उदाहरण निवडलं. बीडच्या बायकांना रोमच्या चित्रांशी काय देणंघेणं, असं विचारणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

एकाच बैठकीतले दोन ठराव

१५१७ साली मार्टिन ल्यूथरने जर्मनीत पोपच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला. त्यानंतरच्या बंडखोरांत चित्रांवरून मोठं वादळ झालं. संतांच्या मूर्ती म्हणजे निव्वळ मूर्तिपूजा, असं म्हणत १५२४ मध्ये झुरिच शहरातल्या चर्चमधून चित्रं आणि मूर्ती काढून टाकल्या गेल्या. १५६६ मध्ये अँटवर्पला जमावाने त्या फोडल्या. या बंडाला उत्तर द्यायला पोपने इटलीतल्या ट्रेंट गावी धर्मपरिषद बोलावली. १५४५ ते १५६३ अशी अठरा वर्षं ती मध्ये मध्ये खंड पडत चालली. तिच्या शेवटच्या बैठकीत, ३ आणि ४ डिसेंबर १५६३ रोजी, संतांच्या चित्रांबद्दलचा ठराव झाला.

ठरावाचा मथितार्थ असा. चित्रं ठेवावीत, कारण त्यांना दिलेला मान लाकडाला किंवा रंगाला जात नाही, चित्रातल्या संताला जातो. चित्रांनी अडाणी लोकांना धर्म शिकवावा. चित्रात खोटा सिद्धान्त नको, अंधश्रद्धा नको, वासना चाळवणारं सौंदर्य नको. आणि बिशपच्या परवानगीशिवाय कुठलंही नवं, अपरिचित चित्र चर्चमध्ये लागता कामा नये.

वाचताना हे सगळं शहाणपणाचं वाटतं. अंधश्रद्धा नको, यात वाईट काय? पण त्याच बैठकीत दुसराही एक ठराव झाला आणि चित्रकलेच्या पुस्तकांत तो सहसा शेजारी ठेवला जात नाही. धर्मभगिनींनी मठाच्या भिंतीआडच राहावं, बिशपच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडू नये, बाहेरच्यांनी आत जाऊ नये, असा तो ठराव. १५६६ मध्ये पोप पाचव्या पायसने तो आणखी कडक केला. तोवर ज्या धर्मभगिनी मोकळ्या राहून आजाऱ्यांची, गरिबांची सेवा करत होत्या, त्यांनाही भिंतीआड जायला सांगितलं. एकाच बैठकीत बाईच्या चित्राला चौकट मिळाली आणि बाईलाही. ठराव करणाऱ्या सभेत मत द्यायला एकही बाई नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

कपडे, वय आणि उभं राहणं

ठराव झाला की त्याची नियमपुस्तकं निघतात. आपल्याकडे शासन निर्णयाच्या मागोमाग परिपत्रकं निघतात, तशीच. १५७० मध्ये फ्लँडर्सच्या मोलानस नावाच्या धर्मपंडिताने, १५८२ मध्ये बोलोन्याच्या पालेओत्ती या कार्डिनलने धार्मिक चित्रांवर ग्रंथ लिहिले. चित्रकाराने काय काढावं, काय गाळावं, याची त्यांत चर्चा आहे.

रोममध्ये मायकेलअँजेलोने काढलेलं 'अखेरचा न्याय' हे प्रचंड भित्तिचित्र होतं. त्यातल्या उघड्या देहांना कपडे चढवण्याचं काम १५६५ मध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडे आलं. लोक त्याला पुढे 'चड्ड्या घालणारा' म्हणूनच ओळखू लागले. बहुतेक देहांवर नुसती वस्त्रं रंगवून भागलं. संत कॅथरीनचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. तिच्या जागचा गिलावाच खरवडून काढला आणि ती नव्याने, झगा घालून रंगवली.

कपड्यांबद्दल माझं भांडण नाही. बाईचं उघडं शरीर विकणाऱ्या बाजाराशी आपण रोज लढतो, तेव्हा अंग झाकलं म्हणून गळा काढण्याचं कारण नाही. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. कपडे ठरवून झाल्यावर वयही ठरलं. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात फ्रान्सिस्को पाचेको नावाचा चित्रकार होता. १६१८ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायासनाने, त्याला धार्मिक चित्रांवर देखरेख करायला नेमलं. त्याच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये त्याचा चित्रकलेवरचा ग्रंथ निघाला. निष्कलंक मरियेचं चित्र काढताना ती बारा-तेरा वर्षांची मुलगी असावी, असं तो त्यात सांगतो. बाईच्या पावित्र्याचा कळस बारा-तेराव्या वर्षी! आपल्या जिल्ह्यात बालविवाह थांबवायला धावणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा लक्षात ठेवावा. "नंतर काही वाकडं पाऊल पडायच्या आत" असं म्हणत पोरीला उजवणारा बाप आणि सेव्हिलचा तो पंडित यांची एकमेकांशी ओळख नाही. पण बाईचं शरीर वाढलं की तिच्या शुद्धतेला डाग लागण्याचा धोका वाढतो, हा हिशेब दोघांचा एकच.

याच नियमकर्त्यांनी एक चांगली गोष्टही केली, ती सांगितलीच पाहिजे. येशूच्या क्रुसाखाली त्याची आई मरिया बेशुद्ध होऊन कोसळलेली आहे, अशी चित्रं त्याआधी भरपूर निघत. ट्रेंटनंतरच्या पंडितांनी त्यावर आक्षेप घेतला. योहानाच्या शुभवर्तमानात ती क्रुसाजवळ उभी होती असं आहे, मग तिला पाडता कशाला? आक्षेप अगदी रास्त. पण यातून काय कळतं? बाईने कोसळावं की उभं राहावं हे 'स्वभावतः' ठरत नाही. हुकूम देणाऱ्याने मनावर घेतलं तर ती उभी राहते! मग बाकीच्या संतिणींना का उभं केलं नाही?

मग्दालीयाचे अश्रू

मग्दालीया मरियेचीच गोष्ट घ्या. चारही शुभवर्तमानांत ती येशूच्या कबरीपाशी आहे. योहान सांगतो की पुन्हा उठलेल्या येशूला आधी तिने पाहिलं आणि ही बातमी शिष्यांना सांगायला त्याने तिलाच पाठवलं. म्हणजे ख्रिस्ती धर्माची सगळ्यांत मोठी बातमी पहिल्यांदा बाईच्या तोंडून गेली. जुन्या काळी तिला 'प्रेषितांची प्रेषित' म्हणत. मध्ययुगात ती लोकांपुढे उभी राहून प्रवचन देते आहे अशी चित्रंही निघाली.

ती वेश्या होती असं बायबलमध्ये कुठेही नाही. ५९१ साली पोप पहिल्या ग्रेगरीने आपल्या प्रवचनात तीन वेगळ्या बायका एक करून टाकल्या. येशूचे पाय अश्रूंनी धुणारी निनावी पापिणी आणि बेथानीची मरिया या दोघींना त्याने मग्दालीयेत मिसळलं. तेव्हापासून ती रडू लागली. म्हणजे साचा जुना होता. कॅथलिक सुधारणेने त्याचा कारखाना काढला.

कारण उघड आहे. बंडखोर म्हणत होते, पुरोहितासमोर पापनिवेदन करण्याची गरज नाही. चर्चला ते पापनिवेदन टिकवायचं होतं. त्यासाठी पश्चात्तापाचं एक ठसठशीत चित्र हवं होतं आणि पश्चात्तापाला बाईसारखा चेहरा दुसरा कुठला! मग गुहेतली मग्दालीया, कवटीजवळची मग्दालीया, केस मोकळे सोडून आभाळाकडे डोळे लावलेली मग्दालीया घरोघरी, चर्चोचर्ची पोहोचली. व्हेनिसच्या टिशियनने १५३०च्या दशकात काढलेली मग्दालीया केसांनीच कसंबसं अंग झाकते. त्यानेच १५६०च्या दशकात पुन्हा काढलेली मग्दालीया कपडे घालून आहे. कपडे आले, अश्रू मात्र तसेच राहिले. प्रवचन देणारी मग्दालीया मागे पडली ती पडलीच.

त्याच व्हेनिसमधला एक किस्सा बोलका आहे. १५७३ साली पाओलो व्हेरोनेसे या चित्रकाराला इन्क्विझिशनपुढे उभं केलं. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात त्याने विदूषक, बुटके, शिपाई असा गोतावळा भरला होता. त्या चौकशीच्या नोंदीत एक तपशील आहे. चित्रात पुढेच एक कुत्रा होता, त्या जागी मग्दालीया काढ, असं चित्रकाराला आधी सुचवलं गेलं होतं. त्याने ते केलं नाही. शेवटी चित्राचं नाव बदलून त्याने सुटका करून घेतली आणि कुत्रा आजही तिथेच बसलेला आहे. जागा भरायची आहे, कुत्रा शोभत नाही, मग रडणारी बाई बसवा! सभेत, समितीत, फोटोत 'महिला प्रतिनिधी' म्हणून बसवल्या जाणाऱ्या मैत्रिणींना यात आपली जागा ओळखू येईल.

कुणी म्हणेल, त्या काळात संत पीटरही रडताना काढला गेला. बरोबर आहे. येशूला तीनदा नाकारल्याबद्दल तो रडला आणि त्याचीही चित्रं त्या काळी खूप निघाली. पण पीटरच्या हातातल्या स्वर्गाच्या किल्ल्या कुणी काढून घेतल्या नाहीत. रडून झाल्यावर तो चर्चचा प्रमुखच राहिला. मग्दालीयेला मात्र रडणं हेच काम उरलं. पुरुषाच्या आयुष्यात पश्चात्ताप हा एक प्रसंग असतो, बाईच्या आयुष्यात ती तिची ओळख होते.

लिहिणारी बाई आणि बघणारे पुरुष

अविलाची तेरेसा ही स्पेनमधली संत. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १५६२ मध्ये, तिने पहिला मठ काढला आणि १५८२ मध्ये मरेपर्यंत एकूण सतरा. बैलगाडी-खेचरांवरून प्रवास, जमिनीचे व्यवहार, कर्जं, नगरपालिकांशी भांडणं, बिशपांना पत्रं, हे सगळं तिने केलं. पुस्तकं लिहिली, आणि इन्क्विझिशनने त्यांतलं एक तपासायला ठेवून घेतलं. पोपच्या एका वकिलाने तिला भटकी आणि आज्ञा न पाळणारी बाई ठरवून टाकलं होतं. १६२२ साली तिला संतपद मिळालं.

लेखणी आणि पुस्तक हातात असलेली तिची चित्रं आहेत, नाही असं नाही. पण जगाने जे चित्र उचलून धरलं ते वेगळंच. १६४७ ते १६५२ या काळात बेर्निनीने रोमच्या एका चर्चमध्ये तिची संगमरवरी मूर्ती घडवली. त्यात तेरेसा ढगावर मागे रेललेली आहे, डोळे मिटलेले, ओठ उघडे, आणि समोर बाण घेतलेला देवदूत. हा अनुभव तिने स्वतः लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे शिल्पकाराने तो मनाचा जोडला असं म्हणता येत नाही. पण एवढ्या मोठ्या आयुष्यातला नेमका हाच क्षण का निवडला? आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना काय आहे? नाटकगृहात असतात तसे सज्जे आहेत आणि त्यांत चर्चला पैसा देणाऱ्या कॉर्नारो घराण्यातले पुरुष संगमरवरात कोरलेले बसले आहेत. बाई शुद्ध हरपून पडली आहे आणि भोवती घराण्यातले मान्यवर. मठांची जमाखर्चाची वही सांभाळणारी तेरेसा त्यांना बघायची नव्हती. १९७० साली चर्चने तिला 'आचार्य' ही पदवी दिली. ती मिळणारी ती पहिली बाई. लिहिणाऱ्या बाईला पंडित म्हणायला चर्चला मृत्यूनंतर ३८८ वर्षं लागली!

गोव्याच्या वाटेवर

आता आपल्या शेजारी येऊ. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून ती गोव्याची संत झाली. जुन्या गोव्याचं मोठं कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे आणि त्याच्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग सोनेरी फलकांत कोरलेले आहेत. कॅथरीनची कथा काय? पन्नास पंडितांशी वाद घालून त्यांना हरवणारी मुलगी. राजाला तिने "नाही" म्हटलं, तिला मारायला आणलेलं काटेरी चाक मोडलं, मग तिचा शिरच्छेद झाला. अशी वाद घालणारी बाई, आणि तिला नेमलं कशावर, तर फौजेच्या विजयावर! बाईला देव्हाऱ्यात बसवून तिच्या नावाने पुरुषांनी लढाया कराव्यात, हे आपल्यालाही काही नवं नाही.

१५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि ट्रेंटचे ठराव इथे लागू करण्याचं काम सुरू झालं. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून संतांच्या मूर्ती, चित्रं करून घेऊ नयेत, असंही बजावलं गेलं. बंदी घालावी लागली याचा अर्थ इथले कारागीर ते काम करत होते. पुढेही करत राहिले. सतराव्या शतकात गोव्याला हस्तिदंतात कोरलेल्या लहान मूर्ती युरोपात गेल्या, आज तिथल्या संग्रहालयांत आहेत. त्यांतला एक प्रकार फार प्रसिद्ध आहे. डोंगराच्या टोकावर मेंढपाळ बाळ येशू डोळे मिटून बसलेला, खाली झरा, मेंढ्या, झाडं. आणि सगळ्यांत खालच्या पायरीला, गुहेत आडवी झालेली, प्रायश्चित्त करणारी मग्दालीया. कधी कधी तिच्याजवळ पुस्तक असतं. कारागीर इथला, हस्तिदंत आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेलं, आणि बाईची जागा ट्रेंटनंतरच्या युरोपने ठरवलेली. अगदी तळाला.

चित्रापुरतंच हे थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस याने १६०६ मध्ये जुन्या गोव्यात सांता मोनिका हा धर्मभगिनींचा मठ काढला. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखातला बायकांचा हा पहिला मठ, आणि अर्थात भिंतीआडचा. मोनिका म्हणजे संत ऑगस्टिनची आई, वाट चुकलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडली म्हणून प्रसिद्ध. त्याच काळात, त्याच आर्चबिशपच्या पुढाकाराने गोव्यात बायकांसाठी आणखी दोन आश्रयगृहं निघाली. एक 'सेर्रा'च्या मातेच्या नावाचं. अनाथ मुली, विधवा आणि ज्यांचे नवरे दूर गेले आहेत अशा बायका तिथे ठेवल्या जात. दुसरं 'पश्चात्तापी' बायकांसाठी. त्याला नाव दिलं मग्दालीयेचं!

म्हणजे आधी चित्र काढलं आणि मग त्या चित्रात बसतील अशा बायकांसाठी इमारत बांधली. दूरच्या आयर्लंडमध्ये याच मग्दालीयेच्या नावाने चालणाऱ्या धुलाईघरांत अविवाहित माता, 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुली कोंडून ठेवल्या जात आणि त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घेतले जात. त्यांतलं शेवटचं १९९६ साली बंद झालं. २०१३ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्या बायकांची माफी मागितली.

आपल्याकडे मग्दालीयेचं नाव नाही, पण 'सुधारगृह' हा शब्द आहे. सुधारायचं कुणी? मारहाण करणारा नवरा त्याच्या घरात, विकणारा दलाल जामिनावर, आणि कुलपाआड कोण? आसरा मागायला आलेल्या बाईकडून आपण पश्चात्ताप का मागतो? तिची चूक काय?

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप येईल तो असा, की या चित्रांनी बायकांना बळही दिलं. दिलं. दुःखात कुणीतरी आपल्यासारखं रडलं आहे, हा आधार कमी नसतो. आणि ब्रश बाईच्या हातात आला तिथे तर चित्रच बदललं. आर्तेमिसिया जेन्तिलेस्की ही रोमची चित्रकार. १६११ मध्ये वडिलांच्या ओळखीतल्या एका चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. १६१२ च्या खटल्यात, ती खरं बोलते की नाही हे तपासायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या आवळल्या गेल्या. तिने आपलं म्हणणं सोडलं नाही. पुढे काही वर्षांत तिने स्वतःलाच संत कॅथरीनच्या रूपात रंगवलं. मोडक्या चाकावर हात ठेवलेला आहे आणि डोळे आभाळाकडे नाहीत, थेट बघणाऱ्यावर रोखलेले आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०१८ मध्ये हे चित्र विकत घेतलं. चर्च तेच, संत तीच, काळही तोच. फरक एवढाच, की इथे जिच्यावर ओढवलं तिनेच चित्र काढलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा लेख वाचून कुणाला ख्रिश्चनांवर दगड मारायला हात शिवशिवत असतील तर त्यांनी ते खिशात घालावेत. चर्चने आपली चूक थोडीफार दुरुस्त केली आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी, ट्रेंटच्या ठरावाला बरोबर चारशे वर्षं झाली तेव्हा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की कुठलीही एकच कलाशैली चर्चची म्हणून नाही. १९६९ मध्ये मग्दालीयेला पापिणीपासून वेगळं केलं आणि २०१६ मध्ये तिचा दिवस प्रेषितांच्या दिवसांच्या बरोबरीचा केला. आपण काय दुरुस्त केलं? परळीपासून जवळच गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. तिची तसबीर डोळ्यांपुढे आणा. जातं, दळण, शेजारी दळू लागलेला विठोबा. तिच्या श्रमाला त्यात मान आहे, देवालाही कामाला लावलं आहे, हे मला आवडतं. पण अभंग रचणारी जनाबाई कुठल्या तसबिरीत दिसते? आणि उसाच्या फडात नवरा-बायको दोघं राबूनही हिशेबात 'एक कोयता' लिहिणारा मुकादम, त्याने कुठल्या कॅथलिक ग्रंथातून हे शिकलं? बाईचं काम पुसून तिचं दुःख तेवढं दाखवायचं, ही खोड कुठल्या एका धर्माची नाही.

हातात काय द्यायचं?

केरळची सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत होती. सावकारांच्या विळख्यातून लोकांना सोडवण्याचं, त्यांना एकत्र आणण्याचं काम. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये तिला भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने तिला हुतात्मा म्हणून 'धन्य' घोषित केलं. संतपदाची ही अलीकडची पायरी. आपल्यासारखंच काम करणारी ही बाई उद्या वेदीवर चढेल. तेव्हा तिच्या हातात काय असेल? जोडलेले हात, वर लागलेले डोळे? की सावकाराच्या कर्जाचा हिशेब? हा प्रश्न चर्चमधल्या मैत्रिणींनी आत्ताच विचारायला हवा, तसबीर छापून झाल्यावर उपयोग नाही.

आणि आपण आपल्या घरात विचारायला हवा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला. सरकारी पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या प्रश्नाला वजन आलं ते या मोजणीमुळे. अश्रू बघून लोक हळहळतात आणि पान उलटतात. आकडा मात्र विधानसभेत विचारता येतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, समुपदेशनाच्या नोंदीत 'अर्जदार भावनावश झाली' असली वाक्यं लिहिणं बंद करा. तिने काय सांगितलं, कुठली तारीख, कुठली रक्कम, ते लिहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला घटना लागते, हुंदका लागत नाही. दोन, ८ मार्चचं किंवा ३ जानेवारीचं पोस्टर करताना चित्रकाराला बाईच्या चेहऱ्याआधी तिच्या हाताबद्दल सांगा. हातात कोयता असेल, सातबारा असेल, बचत गटाची वही असेल, काहीतरी असू द्या. तीन, न रडणाऱ्या बाईला खुर्ची द्या, तिच्यासाठीही पाणी मागवा आणि ती बोलते आहे तोवर मध्ये बोलू नका.

आपापल्या कार्यालयात, अंगणवाडीत, दवाखान्यात, ठाण्यात बायकांची कुठली चित्रं लावलेली आहेत, ती कुणी मागवली आणि त्यांतली बाई काय करते आहे, हे पाहून या पत्त्यावर लिहून पाठवा. पोस्टकार्डही चालेल. पुढच्या अंकात ती यादी छापू.